वेठ मोडणे हाच गुन्हा!

लग्नासाठी उचललेल्या शे-दोनशे रुपयांपोटी वारली तरुणाने जमीनदाराच्या दारी ‘लग्नगडी’ होऊन जन्म गाळावा, नवऱ्यामागे बायकोनेही तिथेच खपावे आणि माणसे झिजली तरी कर्जाने मात्र रेसभरही झिजू नये, ही ठाणे जिल्ह्यातील रीत सरकारला कधी बेकायदा वाटली नाही. २३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ झुगारली, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने पाड्यापाड्यांवर लग्नगड्यांच्या मुक्ततेची हाक दिली, तेव्हा मात्र सरकारला एकाएकी कायदा आठवला! १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. पाच आदिवासी पडले.

ते राज्य परक्यांचे होते, असे म्हणून सुटका नाही. १९४६ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ होते, गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. स्वातंत्र्यासाठी स्वतः तुरुंग भोगलेल्या या धुरीणांच्या राजवटीत परुळेकर दांपत्य जिल्ह्यातून हद्दपार झाले. कारण? शांतता व सुव्यवस्था! कोणाची शांतता? मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या जमीनदारांची आणि जंगलाच्या ठेकेदारांची. कापणाऱ्याने मजुरी मागताच जिची झोप उडते, तीच ही शांतता. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे ते हेच.

रायगडकरांनी हे परजिल्ह्यातले जुने प्रकरण समजू नये. चरीच्या संपाने खोतांची मिजास उतरवलेल्या या किनाऱ्यावर आजही पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांची आणि कोळसाभट्ट्यांची वाट धरतात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्ज रद्द केले, कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला, वेठ लादणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली. एवढे सारे छापून ठेवूनही भट्टीमालकाला साहेबांच्या कचेरीत खुर्ची, कातकऱ्याला पायरी आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर काढणाऱ्या कार्यकर्त्याला अनधिकार प्रवेशाचा धाक मिळणार असेल, तर मुक्तीचा कायदा करणारे सरकार आणि तो मोडणारे सरकार एकच आहे, हे जनतेला कोणी शिकवण्याची गरज नाही.

रद्द झालेल्या कर्जाची वही उघडून बसतो, तो आरोपी. वही फाडणारा नव्हे!