समितीचा बोर्ड आहे, समिती कुठं आहे?

आमच्या मोहर्ली गेटवर बायका गाईड म्हणून पर्यटकांना वाघ दाखवतात, त्यांचे फोटो आपण कौतुकानं शेअर करतो. आणि जिल्ह्यातल्या एका कॉलेजातली पोरगी परवा मला म्हणते, "काका, तक्रार कोणाकडं करू? समितीत तेच सर आहेत." सर म्हणजे तिचे विभागप्रमुख. घरी सांगितलं तर कॉलेज बंद, दिवाळीनंतर लग्न. म्हणून गप्प.

यूजीसीचे नियम २०१५ चे आहेत. विभागप्रमुखाला अंतर्गत तक्रार समितीत बसताच येत नाही. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत. चौकशी ९० दिवसांत. प्रशिक्षित, पूर्णवेळ समुपदेशक हवा. इथं समुपदेशक म्हणजे ज्या मॅडमचा तास रिकामा, त्या!

८ मार्चला काय होतं? रांगोळी, मग पोरींना 'सांभाळून राहा' हे भाषण. पोरं तेव्हा कँटीनमध्ये. (असल्या भाषणाच्या बातम्या मीही छापल्यात, कबूल.)

प्राचार्य साहेब, नॅकची टीम येणार म्हटलं की बोर्ड एका रात्रीत रंगतो. आता त्यावरची नावं बदला, विद्यार्थ्यांची निवडणूक घ्या. सोमवारी यादी मागायला येतोय. लेखी.