वादळाची नोंदवही

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे कोसळली, वीज गेली, राज्यात दोघांचा जीवही गेला. मुले त्याला ‘टोर्नाडो’ म्हणतात. तसे नव्हे. चक्रीवादळाची तीव्रता हवामान खाते वाऱ्याच्या वेगावरून ठरवते. ताशी ११८ किलोमीटरनंतर ते ‘अतितीव्र’. टोर्नाडोचा वेग मात्र मागाहून पडझड पाहून ताडतात. ही रीत फुजिता यांनी १९७१ साली मांडली. आम्हास ती फार आवडते, कारण त्यात डोळे उघडे ठेवावे लागतात. पण तौक्तेत आपल्या आवारात किती कौले उडाली, कोणता माड कुठल्या दिशेला पडला, याची नोंद शाळेत नाही. चूक आमचीच. पेडणे-डिचोलीच्या पालकांनी आठवेल ते लिहून पाठवावे. कोरी वही कार्यालयात ठेवली आहे. विश्वस्तांनी पावसाळ्यापूर्वी छपराजवळच्या फांद्या तोडून घ्याव्यात.