विंचवाला जात नसते, दगड उचलणाऱ्या हाताला असते



भाट्यातून काजळी नदीवरचा पूल ओलांडला की रत्नागिरी शहर, आणि शहरात जिल्हा रुग्णालय. इतक्या जवळच्या या गावात परवा एका आजीने मला विचारले, "इचू उतरवनारा आता कोन रवला नाय, मग रातीचं जायाचं कुनाकडं?" सोबतचे एक शिकलेले साथी हसले. "आपल्या लोकांची अंधश्रद्धा कधी जाणार?" म्हणाले.

मला हसू आले नाही. आजीने मंत्र मागितला नव्हता, रात्री दार उघडणारा माणूस मागितला होता.

कोकणातला लाल विंचू जांभ्या दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात, लाकडाच्या ढिगात राहतो. तो जात विचारून नांगी मारत नाही. पण चिऱ्याच्या खाणीत कोण राबते? दुसऱ्याच्या बागेत गवत कोण कापते? जमिनीवर अंथरूण टाकून कोण झोपते? या प्रश्नांची उत्तरे जातव्यवस्थेने कधीच लिहून ठेवली आहेत.

नुसता ठणका असेल तर बहुधा जिवाला धोका नसतो. पण ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की समजावे, विष हृदयाकडे वळले आहे. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध झटून हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी भरते. रुग्णाला धाप लागते, तोंडातून गुलाबी फेस येतो. लहान मुले यात सर्वांत आधी जातात.

यावर औषध नाही काय? आहे, आणि ते आपल्या महाडनेच जगाला दाखवले! महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून हे सारे टिपत राहिले. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हे त्यांनी दाखवले आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. त्याआधी फुफ्फुसात पाणी झालेल्या रुग्णांपैकी शंभरात 25 ते 30 दगावत. गोळीनंतर हे प्रमाण एक टक्क्यावर आले. गोळीसोबत विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हेही 2011 मध्ये महाडच्याच अभ्यासाने दाखवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे आज विंचवाने माणूस मेला तर ते नशीब नाही. गोळी आणि माणूस यांच्यामधले अंतर त्याला मारते.

मंत्राने 'उतरलेला' विंचू बहुतेक वेळा मुळात जीवघेणा नसतोच. म्हणून मांत्रिकाचे नाव होते. ज्याचे हृदय खरोखर थकते, त्याचे मोलाचे तास तिथेच जातात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात विंचूदंशाच्या रुग्णाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. पण आरोग्य उपकेंद्राला रात्री कुलूप असेल, तर त्या गुन्ह्याचे कलम कोणते?

आता सरकारचा न्याय पाहा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत विंचूदंशाने मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. कुणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. त्याच शेतात, त्याच विंचवाने भूमिहीन मजूर मेला तर या योजनेत त्याच्यासाठी रकाना नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या जमीन नाकारली, त्यांना आता जमीन नाही म्हणून मरणाची भरपाईही नाकारायची?

साथींनो, दर 20 मार्चला आपण महाडला जातो. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर सांगितलेली गोष्ट पाण्यापुरती नव्हती. जे सार्वजनिक आहे त्यावर आपला हक्क आहे, ही ती गोष्ट होती. सरकारी दवाखान्यातली गोळीही सार्वजनिकच आहे.

म्हणून ग्रामसभेत तीन मागण्या करा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन, ऑक्सिजन आणि रात्री हजर डॉक्टर. वाडीपर्यंत येणारी 108 ची गाडी. आणि भूमिहीन मजुराला तेच 2 लाख. विहाराच्या भिंतीवर धोक्याची लक्षणे लिहा. गोळी मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, हेही लिहा.

22 प्रतिज्ञा घेतलेल्या आपण मंत्र नाकारला, ते योग्यच केले. पण मंत्राची रिकामी झालेली जागा दवाखान्याने भरली नाही, तर आजीचा प्रश्न तसाच उरतो. त्यावर हसणाऱ्यांनी आधी उत्तर द्यावे.

जय भीम, नमो बुद्धाय!