तहाचा कागद आणि मतांची पेटी

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन व त्यांचे सल्लागार किसिंजर यांचीं खलबतें यंत्रावर टिपलीं जात होतीं, म्हणून आज तीं आम्हांस कळतात. १९७२ च्या आगस्टांत व्हिएतनामच्या तहाविषयीं किसिंजर सांगतात कीं, वर्ष-दोन वर्षें तग धरील अशी कांहीं तोड निघाली म्हणजे पुढें कोणी विचारणार नाहीं! शेतकरी बंधूंनो, खोंड विकतांना लंगडा पाय झांकणारा दलाल याहून निराळा तो काय करतो?

२६ आक्टोबरास, निवडणुकीस बारा दिवस उरले असतां, शांतता हाताशीं आल्याचें किसिंजरांनीं जाहीर केलें. निक्सन पन्नासांपैकीं एकूणपन्नास राज्यें जिंकले. (एरवींहि जिंकलेच असते म्हणा!) आणि १८ डिसेंबरापासून हनोईवर बाँब पडूं लागले. २७ जानेवारी १९७३ रोजीं पॅरिसांत सह्या झाल्या. त्यास नांव दिलें ‘सन्मानाची शांतता’. उत्तरेचें सैन्य मात्र दक्षिणेंतच राहिलें, आणि ३० एप्रिल १९७५ रोजीं सायगांव पडलें. सन्मान झाला कोणाचा? भाताच्या खाचरांत मेलेल्या कुणब्याचा तर खास नव्हे.

या तहाबद्दल किसिंजर व ले डुक थो यांस १९७३ चें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. थो यांनीं तें नाकारलें, किसिंजरांनीं घेतलें.