जुन्या शहरात नव्या माणसाला जागा कोठे?

मुंबईच्या गिरगावात, काळबादेवीत किंवा ग्रँट रोडला आज एखाद्या कारकुनाने, परिचारिकेने किंवा छापखान्यातील कामगाराने भाड्याच्या घरात बिऱ्हाड करावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक पागडीची. तीत जन्मभराची बचत एकरकमी मोजावी लागते. दुसरी अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची. तीत पगाराचा मोठा वाटा भाड्यात जातो, अनामत रक्कम व दलाली निराळी, आणि बाराव्या महिन्यात पुन्हा ट्रंक उचलण्याची तयारी ठेवावी लागते. ज्या गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, ज्या चाळींतील एकेका खोलीत कोकणातून व घाटावरून आलेली कुटुंबे राहिली, तो भाग पगारावर जगणाऱ्या नवागतांना आता जवळजवळ बंद झाला आहे. ही स्थिती दैवाने आलेली नाही. ती कायद्यांनी, कायद्यांतील पळवाटांनी आणि शासनाच्या स्वस्थतेने घडविली आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण भाडे ठरविले आणि सबळ कारणावाचून भाडेकरूला बाहेर काढण्यास बंदी केली. या कायद्यामुळेच हजारो श्रमिक व मध्यमवर्गीय कुटुंबे शहराच्या मध्यभागी टिकून राहिली. बाजारावर सोडले असते, तर गिरणगाव आणि गिरगाव ही नावे कधीच केवळ इतिहासात राहिली असती. भाडेनियंत्रणाला उठल्यासुटल्या नावे ठेवणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे.

पण आतल्या भाडेकरूला संरक्षण देणे हे निम्मेच काम होते. बाहेरच्यासाठी नवी भाड्याची घरे बांधणे हे उरलेले निम्मे. पहिले काम कायद्याने केले. दुसरे कोणीच केले नाही. भाडे गोठल्यावर मालकाने भाड्यासाठी बांधणे सोडले. जी घरे होती, त्यांत १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरविलेली पागडी उघडपणे चालू राहिली आणि भाडेकरू बदलताना तिचा सुमारे एक-तृतीयांश वाटा मालकाच्या खिशात जाण्याची प्रथा पडली. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तिला राजमान्यताच दिली. भाडे कमी म्हणून इमारती कोसळल्या, हा मालकवर्गाचा युक्तिवाद म्हणूनच अर्धसत्य आहे. १९६९ च्या कायद्यानंतर दुरुस्तीचा बोजा उपकराच्या रूपाने बव्हंशी रहिवाशांवर आणि शासनावर आला. मूळच्या १९,६४२ उपकरप्राप्त इमारतींची जबाबदारी मंडळाकडे सोपविण्यात आली; पण पैसा आणि तत्परता या दोहोंचाही दुष्काळ राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडून ३३ माणसे मेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडून १३ जण दगावले. हे मृत्यू स्वस्त भाड्याच्या माथी मारणे म्हणजे मेलेल्यावरच खुनाचा आरोप ठेवणे होय.

आता पुनर्विकासाचे पर्व चालू आहे. जुन्या भाडेकरूला मालकी हक्काची विनामूल्य सदनिका मिळते आणि त्याबदल्यात विकासकाला वाढीव चटईक्षेत्र मिळून वरचे मजले खुल्या बाजारात विकले जातात. जुन्या रहिवाशाला पक्के घर मिळते, यात आनंद मानलाच पाहिजे. ते त्याने पिढ्यान् पिढ्या सोसून मिळविले आहे. परंतु हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. चाळ होती तेव्हा तेथे भाड्याची घरे होती. टॉवर उभा राहिला की नियंत्रित भाड्याचे एकही घर तेथे उरत नाही. २०२५ साली भुयारी मेट्रो गिरगाव-काळबादेवीखालून कफ परेडपर्यंत धावू लागली. सार्वजनिक पैशाने केलेल्या या सोयीमुळे वाढणारे जमिनीचे मोल जमीनधारकाच्या आणि विकासकाच्या पदरात पडणार आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरीच्या कार्यकर्त्याला वाटेल, की धान, मिरची आणि तेंदूपानाच्या भावाची चिंता वाहणाऱ्या गावाला गिरगावच्या भाड्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. शेती पोसत नाही म्हणून झाडीपट्टीतील तरुण नागपूरला, पुण्याला, मुंबईला जातो. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरविते. तेथून काळबादेवी पायी जाण्याइतकी जवळ आहे. पण तेथे घर परवडत नाही म्हणून तो त्याच रुळांवरून उलट दिशेने अंबरनाथला किंवा बदलापूरला खोली शोधावयास जातो आणि मग रोज कित्येक तास लोकलच्या दांडीला लोंबकळतो. शहराच्या मध्यात घर नसणे म्हणजे त्याच्या मजुरीतील कपात आहे. ती फक्त पगारपत्रकावर दिसत नाही.

विदर्भाला तर या प्रश्नाची स्वतःची आठवण आहे. १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेशानुसार भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी असल्यावाचून मालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नव्हती. रिकाम्या झालेल्या घराची खबर शासनाला देणेही मालकावर बंधनकारक होते आणि ते घर शासकीय नोकराला किंवा विस्थापिताला देण्याचा अधिकार शासनाकडे होता. रिकामे घर हीदेखील समाजाची चिंता आहे, हे तत्त्व त्यात होते. १९९९ च्या कायद्याने मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याचे जुने कायदे एकत्र केले, तेव्हा हे तत्त्व गळून पडले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. एकीकडे कुलूपबंद सदनिका आणि दुसरीकडे एका खोलीत सहा तरुण, याला घरांची टंचाई म्हणणे चूक आहे. ही वाटपाची टंचाई आहे.

यावर उपाय स्वप्नरंजनाचा नाही. तो मुंबईनेच एकेकाळी करून पाहिला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ बी.डी.डी. चाळी उभारल्या. त्यांत हवा-उजेडाची हेळसांड होती, हे खरे. पण ती सार्वजनिक मालकीची, भाड्याची आणि कामाच्या ठिकाणाजवळची घरे होती. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. त्याच सुमारास, १९१९ ते १९३४ या काळात, व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने श्रीमंतांवर घरकर बसवून साठ हजारांहून अधिक घरे बांधली आणि भाड्याने दिली. व्हिएन्नाने ती विकली नाहीत. तेथील जवळपास निम्मे लोक आजही नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. मुंबईत मात्र बी.डी.डी. चाळींच्या जागी मालकीच्या सदनिका आणि विक्रीचे मनोरे उभे राहत आहेत. सार्वजनिक भाड्याच्या घरांचा साठा वाढविण्याऐवजी संपविला जात आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल या संदर्भात नीट वाचला पाहिजे. जुन्या इमारती महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रकमेत संपादून भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला देण्याची तरतूद महाराष्ट्राने १९८६ साली केली होती; तिला मुंबईच्या मालमत्ताधारकांनी आव्हान दिल्यातून हे प्रकरण उभे राहिले. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या ३९ (ख) या मार्गदर्शक तत्त्वातील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही, असे बहुमताने म्हटले आणि मालकवर्गाने पेढे वाटले. पण काही खाजगी साधने त्यात येऊ शकतात, आणि ते ठरविताना साधनाचे स्वरूप, त्याची दुर्मिळता, समाजहितावर होणारा परिणाम व ते मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहावेत, हेही त्याच निकालात आहे. महानगराच्या मध्यातील जमिनीहून दुर्मिळ असे दुसरे काय आहे? न्यायालयाने दार बंद केलेले नाही. ते ढकलण्याची इच्छा राज्यकर्त्यांना नाही.

समाजवाद्यांच्या मागण्या म्हणून स्पष्ट असाव्यात. जुन्या शहरातील प्रत्येक पुनर्विकासात मूळ रहिवाशांच्या हक्काला धक्का न लावता, विकासकाच्या विक्रीच्या वाट्यातून ठरावीक घरे सार्वजनिक मालकीची व कायम भाड्याची राखावीत. ती कधीही विकता येऊ नयेत. रिकाम्या सदनिकांवर चढता कर बसवावा आणि तो याच कामी खर्चावा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने भाडे बाजारावर सोडले, ते नाकारावे. परंतु निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करण्याची त्यातील एक बरी गोष्ट तेवढी घ्यावी.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना एक काम लगेच करता येईल. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाद झाल्यास, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटीच खऱ्या धरल्या जातात. खेड्यातून शहरात जाणाऱ्या तरुणाला ही माहिती गाव सोडण्यापूर्वीच मिळाली पाहिजे.

जुने भाडेकरू आणि नवे भाडेकरू यांना परस्परांचे वैरी ठरविणे मालकवर्गाच्या सोयीचे आहे. एकाला पागडीची आशा आणि दुसऱ्याला अकरा महिन्यांची भीती दाखविली, की दोघेही एकटे पडतात. गिरगावच्या चाळीतील वृद्धा आणि केशोरीहून आलेला तरुण एकाच भाडेकरू संघात बसतील, त्या दिवसापासून या प्रश्नाचे उत्तर देणे राज्यकर्त्यांना भाग पडेल.