गार्ड कुठंय, मिस्त्री?

जळकोटात नव्या वस्तीत दुपारी चक्कर मारा, कुठून ना कुठून कटरचा आवाज येतोच. एके काळी हा आवाज आपल्याकडं नव्हता. घरं दगडमातीची, वर माळवद. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली आणि अख्ख्या लातूर जिल्ह्यानं माळवदाची धास्ती घेतली. पत्रे आले, स्लॅब आले, स्लॅबमागोमाग मोरबीची टाइल, ग्रॅनाइटचा ओटा आणि लोखंडी गेट. हे सगळं कापायला चार इंची ग्राइंडर आणि मार्बल कटर आले. मशिनी भराभर आल्या. त्या चालवायची रीत मात्र एकानं दुसऱ्याचं बघून उचलली.

परवा शेजारी फरशीचं काम चालू होतं, म्हणून डोकावलो. मिस्त्री उकिडवा बसलेला, पायात स्लिपर, टाइल डाव्या पायानं दाबून धरलेली आणि कटर सरळ अंगठ्याच्या दिशेनं सरकत असलेला. तोंडाला दस्ती, भुवया पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या. वायरला पिन नव्हती. दोन उघड्या तारा सॉकेटात खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या. व्हील झाकणारं गार्ड सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर पडलेलं.

“मिस्त्री, गार्ड कामून काढलं?”

“कोपऱ्यात जाईना की मालक. लाइन बी दिसत नाही.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यातून काम फुटावर घेतलेलं. हात थांबला की मजुरी थांबली. त्यामुळं ‘हे लोक निष्काळजीच असतात’ असं कुणी खुर्चीत बसून म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पण गार्ड काय अडवतं, तेही बघा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. हिशेब मांडला तर व्हीलची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगानं पळत असते. व्हील फुटलं तर तुकडाही त्याच वेगानं सुटणार, आणि समोर मिस्त्रीचा चेहरा. कापता कापता चीर आवळली, व्हील अडकलं, की मशीन उसळून अंगावर येतं. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात सळई, अशा वेळी ते आवरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून मशीनला बाजूची मूठ दिलेली असते. तीही गार्डासोबत पहिल्याच दिवशी निघते.

गार्ड काढायचं आणखी एक कारण कुणी उघड सांगत नाही. ते काढलं की मोठं व्हील बसतं. आता सात इंची व्हीलवर 8,500 फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ते 11,000 च्या मशीनवर चढवणं म्हणजे फुटायची वाट बघणं. त्याहून वाईट म्हणजे चौकटी कापायला ग्राइंडरला लावलेलं लाकूड कापायचं दातेरी ब्लेड. दात लाकडात रुतला की मशीन उडतं. बोटं जातात ती बहुधा अशीच. लाकडासाठी वेगळी मशीन मिळते, तीच वापरावी. आणि व्हील विकत घेताना मधल्या पत्र्याच्या कडीवरची तारीख वाचावी. जुनं, ओल खाल्लेलं व्हील दिसायला नव्यासारखंच असतं.

जखम दिसते तरी. धूळ दिसूनही कळत नाही. पूर्वी ओट्याला कडप्पा आणि खाली शहाबादी असायची. दोन्ही चुनखडीच्या जातीचे. ग्रॅनाइटमध्ये मात्र गारेचा, म्हणजे सिलिकाचा, अंश भरपूर. ती गार कापताना उडते, तिचा बारीक कण दस्तीतून आरपार जातो आणि फुप्फुसात बसतो. त्यातून सिलिकोसिस होतो. पुष्कळदा तो टीबी समजला जातो, पण सिलिकोसिसवर औषध नाही. उपाय कापायच्या वेळीच करायचा: पाणी सोडत ओलं कापायचं आणि तोंडाला कोरोनानं ओळखीचा करून दिलेला एन-95 मास्क लावायचा. पण पाणी सोडायचं तर काड्या खोचलेली वायर चालणार नाही. पिन हवी, अर्थिंग हवं, बोर्डावर गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी हवा.

कायदा म्हणाल तर बांधकाम कामगारांच्या सुरक्षेचा कायदा 10 माणसांच्या कामापासून पुढं लागू होतो. आपल्या घरावर एका वेळी चार-पाच जण असतात. म्हणजे तपासायला कुणी येणार नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 90 दिवसांच्या कामाच्या दाखल्यावर नोंदणी होते. ती पुष्कळांनी केली ती भांड्यांच्या संचासाठी. त्याच मंडळाचा सुरक्षा संचही असतो. भांडी चुलीवर चढली, हेल्मेट माळ्यावर गेलं.

बोट तुटलंच तर एवढं ध्यानात ठेवा: तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फाला थेट लावू नका. जखम दाबून धरा, 108 ला फोन करा. बोट जोडणारे सर्जन मोठ्या शहरातच भेटतात, त्यामुळं वाटेत जाणारा वेळ मोलाचा.

राहिला घरमालक, म्हणजे तुम्ही-आम्ही. ‘वास्तुशांतीचा मुहूर्त धरलाय, चार दिवसांत फरशी उरका’ असा तगादा आपणच लावतो. तो लावू नका. दर ठरवताना फुटाला दोन रुपये जास्त द्या, मास्कचा डबा स्वतः आणून ठेवा, आणि बदल्यात गार्ड मागा. गार्ड नाही तर काम नाही, हे मिस्त्रीला सांगायची ताकद पैसे देणाऱ्याकडंच आहे.