‘एनी’ म्हणजे नेमके कोणते?

‘एखादी अडचण आली तर कळवा’ आणि ‘कोणतीही अडचण आली तर कळवा’ या दोन वाक्यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात अडचण हा अपवाद आहे, दुसऱ्यात लहानमोठी प्रत्येक अडचण सामावते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एनी’ हा एकच शब्द चालतो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. कायद्यात मात्र बिघडते, आणि किती बिघडते ते दिल्लीने अनुभवले आहे.

१९९१ च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा आणि मंत्रिमंडळ मिळाले. त्याच वेळी अनुच्छेद २३९ कक मध्ये एक परंतुक आले: नायब राज्यपाल आणि मंत्री यांच्यात ‘एनी मॅटर’वर मतभेद झाल्यास प्रकरण राष्ट्रपतींकडे पाठवावे. आता हे ‘एनी’ म्हणजे एखादी बाब की प्रत्येक बाब? एखादी म्हटले, तर निवडून आलेले सरकार कारभार करते आणि क्वचित प्रसंगी वाद वर जातो. प्रत्येक म्हटले, तर मंत्रिमंडळ नावापुरते उरते. ४ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या निकालपत्राने सांगितले की ‘एनी मॅटर’ म्हणजे ‘एव्हरी मॅटर’ नव्हे. एवढे स्पष्ट व्हायला सत्तावीस वर्षे लागली.

कायद्याची भाषा थोडी संदिग्ध राहणारच, असे आमचे अधिकारी बंधू म्हणतात. मला हे मान्य नाही. २०२१ मध्ये संसदेने दिल्लीच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि विधानसभेच्या यापुढील कायद्यांत ‘गव्हर्नमेंट’ म्हणजे नायब राज्यपाल, असे एका वाक्यात लिहून टाकले. ते योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. पण मनात आणले तर अर्थ पक्का करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. मग संदिग्धता कोणाच्या सोयीची? ज्याच्या हाती सही असते, त्याच्या.

सामान्य माणसाला हे सर्वोच्च न्यायालयात जाऊन शिकावे लागत नाही. अर्जाच्या शेवटी ‘एनी अदर डॉक्युमेंट’ असे लिहिलेले असते. खिडकीमागचा कारकून त्याचा अर्थ ‘मी मागेन ते’ असा लावतो आणि अर्जदार तिसऱ्या खेपेला निघतो.

अनुच्छेद ३४८ मुळे कायद्याचा इंग्रजी पाठच अधिकृत ठरतो. राज्याने कायदा मराठीत केला तरी प्रमाण मानला जातो तो त्याचा इंग्रजी अनुवाद. हे लगेच बदलणार नाही. पण आपणही निर्दोष नाही. ‘एनी’ दिसला की ‘कोणताही’ लिहून मोकळे होण्याची आपल्या अनुवादकांची सवय जुनी आहे. जी भाषा आपल्याला निवड करायला भाग पाडते, तिलाच आपण मुकी करून ठेवतो.

म्हणून दिल्लीच्या मंत्रालयांत मसुदे लिहिणाऱ्या माझ्या मराठी सहकाऱ्यांना एकच सांगणे आहे. कलम पुढे पाठवण्यापूर्वी ते एकदा मराठीत लिहून पाहा. ‘एखादा’ की ‘कोणताही’ हे ठरवता येत नसेल, तर दोष मराठीचा नाही. काय हवे आहे, तेच अजून ठरलेले नाही.